फुग्यांची पुस्तकं

अकरा पुस्तकं ठरली होती. बाराव्यासाठी मी मल्लेश्वरमला अक्काकडे निघाले होते.

आमच्या डिझाइन कॉलेजात यंदापासून चित्रकथांचा अभ्यासक्रम सुरू होतो आहे. कॉमिक्स वर्गात शिकवायची असतात, हे आमच्या समितीच्या गळी उतरवताना माझे केस पिकले. उतरल्यावर त्यांनी माझ्या हातात एक फॉर्म ठेवला. वर लिहिलेलं : 'अत्यावश्यक वाचन, बारा पुस्तकं.' खाली रकाने. लेखक, प्रकाशक, भाषा, ग्रंथालयात प्रत आहे की नाही. मला या 'अत्यावश्यक' शब्दाचा रागच येतो. पाणी अत्यावश्यक असतं, ताप आलेल्या पोराला कुणीतरी जवळ असणं अत्यावश्यक असतं. पुस्तकाला आपण उगाच हा मान देतो. तरी मी महिनाभर यादी करत बसले, कारण रागावणं वेगळं आणि नोकरी वेगळी.

चौकट म्हणजे काय ते समजावणारं एक घेतलं. एक घेतलं ते अजिबात शब्द नसलेलं, कारण मुलांना चित्र वाचता येत नाही, ती फक्त मजकूर वाचतात. एक युद्धातून वाचलेल्या बापाचं, एक कन्नडमधलं, एक बंगालीतून आलेलं. दोन चौकटींमध्ये जी कोरी जागा असते तिच्यावर एक. ती जागा मी वर्गात मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीवरून समजावते. आमच्याकडे घरांच्या दोन ओळींच्या पाठी एक अरुंद गल्ली असायची. पाहुणे पुढून येत, पण घराचं खरं काय चाललंय ते मागच्या गल्लीला माहीत असे.

बारावी जागा मात्र भरेना. एकदा डबा खाताना मी निवेदिताजवळ बोलून गेले. निवेदिता आमच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करते, पुण्याहून आलेली, एचएसआर लेआउटला मैत्रिणींबरोबर राहते. मी म्हटलं, लहानपणी आमच्याकडे एका दीपगृहाच्या राखणदाराची इंग्रजी चित्रकथा होती, नऊ अंक, अक्काकडे अजून असतील. तिचा घास हातातच राहिला.

"मॅम, सीरियसली? ती सीरिज कम्प्लीट कुठेच नाहीये. मी शोधलंय."

"पण त्याच्यावर आमच्या वडिलांनी कागद चिकटवलेत. पात्रांच्या बोलण्याच्या प्रत्येक फुग्यावर."

"अहो, ते काय! स्टीम देऊन सगळे पॅच निघतील. खालचं प्रिंट एकदम क्लीन मिळेल. स्कॅन करू, यादीत टाकू, झालं."

मी 'हो' म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. दोन दिवस त्या 'हो'नं मला नीट बसू दिलं नाही.

---

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. जिथं आमचं बैठं घर होतं तिथंच आता चार मजली इमारत आहे, आणि तिच्या पहिल्या मजल्यावर ती एकटी राहते. दार उघडताच म्हणाली, "ये गं. ऊट झालं का?" आमच्या घरात जेवणाला ऊट म्हणण्यात कुणाला काही वाटलं नाही कधी. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्यावरून इकडे आलं आणि राहिलं, एवढंच आम्हाला आमच्याबद्दल माहीत. मराठी उंबऱ्याच्या आत बोलायची. बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी. देवनागरी अक्षरं मी हिंदीच्या तासाला शिकले, आणि आईला तर ती मरेपर्यंत आली नाहीत.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी बसता बसताच सांगून टाकलं. "अक्का, फुग्यांची पुस्तकं पाहिजेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन पंच्यात बांधलेला गठ्ठा घेऊन आली. "चाळीस वर्षांनी आठवण झाली तुला," एवढंच म्हणाली आणि गाठ सोडली.

आधी वास आला. मी या वासाला तयार नव्हते. खळीचा आंबूस वास, त्यात मोरचूद, आणि त्या सगळ्याखाली अगदी पुसट, नाकात किंचित चावणारा अमोनिया. म्हणजे अण्णा. अण्णा आमचे वडील. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात ते यंत्रांची रेखाटनं करत. रेखाटनांच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर निघत, आणि तो वास त्यांच्या शर्टात, डब्यात, केसांत राहायला आलेला होता. संध्याकाळी ते कोपऱ्यावर वळले की आधी वास यायचा आणि मग अण्णा. दुसऱ्यांना त्या वासानं डोळ्यांत पाणी येतं म्हणे. आम्ही दोघी त्या वासाकडे धावायचो.

अण्णा बोलत नसत. कुणाशीच फारसं नाही, आणि आईशी तर आमच्यामार्फत. "आईला विचार, पाणी तापलं का." आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. "अण्णांना सांग, तापलं." आम्ही मध्ये उभ्या राहून टपालाचं काम करायचो. आम्हाला वाटायचं सगळ्याच घरांत असं असतं.

पण रविवार वेगळा होता. तेलाच्या अंघोळी होऊन घरात धूप फिरायचा. आई खळ शिजवायची. मैदा, पाणी, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ते पातेलं वेगळं असे, त्याला आम्ही शिवायचं नाही, विष आहे. अण्णा चटईवर बसून मांडीवर पाट घ्यायचे. मॅजेस्टिकच्या फुटपाथवरून आणलेला राखणदाराचा जुना अंक शेजारी. कारखान्यातल्या रद्द झालेल्या प्रतींची कोरी बाजू वर करून ते पट्ट्या कापत. कर्कटकानं फुगा मोजायचा, तेवढीच पट्टी. मग पेन्सिलीच्या दोन फिकट रेघा आणि त्यांच्यामध्ये काळ्या शाईत अक्षरं. मराठी बोलणं, कन्नड अक्षरं. सगळी एका उंचीची, जणू दाणे निवडून ठेवलेत. शब्द मावला नाही की ते जीभ किंचित बाहेर काढून विचार करत आणि स्वतःशीच म्हणत, "फुगा मोठा होत नाही. बोलणं लहान करावं लागतं." आठवडाभरातलं त्यांचं हेच सगळ्यात लांब वाक्य असेल.

हे सगळं आईसाठी. तिचं कन्नड चौथीपर्यंत झालेलं. आम्ही दोघी इंग्रजी अंकांवर डोकी घालून हसायचो आणि ती भाजी निवडत विचारायची, "काय म्हणतोय तो?" एक दिवस अण्णांनी ते ऐकलं असावं.

दुपारी सगळं आवरल्यावर ती मागच्या गल्लीच्या पायरीवर बसायची. ओले केस मोकळे, ओटीत मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्या, मांडीवर अंक. एकेका चौकटीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचायची आणि आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना. समोरच्या ओळीतल्या घरातून रेडिओ, कुणाची तरी लोणच्याची बरणी उन्हात, वरून पोपटांची कलकल. जानेवारीत तिथल्या झाडाची गुलाबी फुलं पानांवर पडत. संक्रांतीच्या साखरेच्या बाहुल्या चोखत आम्ही ऐकत असू, म्हणून तिसऱ्या अंकावर आमची बोटं अजून आहेत. आयुधपूजेला अण्णांची पट्टी, कर्कटक, पेनं पाटावर मांडली जात आणि त्यांच्याशेजारी आई हे अंकही मांडायची. कुंकवाचं बोट प्रत्येक मुखपृष्ठावर. निवेदिता त्याला डागच म्हणेल.

पहिल्या अंकात एक गंमत झाली होती. कन्नडात शब्दाचं शेवटचं अक्षर मोकळं सोडलं तर ते पुरतं उच्चारतात. ते तोडायचं असेल तर डोक्यावर एक लहान खूण द्यावी लागते. अण्णा ती द्यायला विसरले. त्यांनी लिहिलं 'थांब' आणि आईनं वाचलं 'थांबा'. 'बस'चं झालं 'बसा', 'ऐक'चं 'ऐका'. समुद्री चाचा राखणदारावर पिस्तूल रोखून म्हणतोय, "थांबा!" आणि राखणदार त्याची मानगूट धरून, "ऐका!" एवढे अदबशीर चाचे जगात कुठं झाले नसतील. आम्ही पायरीवरून खाली पडायच्या बाकी होतो. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि आत अण्णा वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. पुढच्या अंकात त्यांनी चूक दुरुस्त केली. पण चाचे अदबशीरच राहिले. आम्हाला वाटलं, मुद्दाम आमच्यासाठी ठेवलेत.

---

"बघतेस ना नीट?" अक्का म्हणाली. "सातवा उघड."

मी सातवा टाळत होते, हे तिला कळलं होतं. बहिणीपासून काय लपतं.

सातव्या अंकाच्या मधल्या पानावर पट्ट्या नाहीत. सात फुगे, सातही इंग्रजी, आणि प्रत्येकाच्या कडेला खरवडल्याच्या पांढऱ्या रेषा. त्या मी काढल्या आहेत.

मी अकरा वर्षांची होते. नव्या इंग्रजी शाळेत गेले होते, आणि वर्गातली एक मुलगी घरी आली होती. तिनं अंक चाळला, पट्ट्या बघितल्या आणि विचारलं, "तुमच्या घरी इंग्लिश कुणाला येत नाही?" वाईट हेतूनं नाही विचारलं बिचारीनं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती गेल्यावर मी ओलं फडकं आणि अण्णांचं ब्लेड घेतलं. आधी भिजवायचं, मग टोक उचलायचं. खळ जुनी होती, पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी निघाल्या. एक पान झाल्यावर हात दुखला म्हणून थांबले, लाज वाटली म्हणून नाही.

पुढच्या रविवारी आईनं पायरीवर बसून नेमका तोच अंक उघडला. पान आलं. तिचं बोट पहिल्या चौकटीवर गेलं आणि तिथंच राहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. अंक मिटला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं झालं. आता तुझी तुला वाचता येतात." आणि कळ्यांची ओटी सावरत उठून आत गेली.

मला कुणी रागावलं नाही. अण्णांनी आणखी दोन अंक आणले, त्यांच्यावर पट्ट्या लावल्या, शेल्फवर ठेवले. आईनं ते वाचले असतील, पण मोठ्यानं नाही, आणि आमच्यात बसून नाही. एवढंच झालं. एवढं पुरतं.

आणि आता मी उरलेल्या पट्ट्यांवर वाफ सोडायला 'हो' म्हणून आले होते. अक्काला हे सांगताना माझा आवाज मला परका वाटला. मी अभ्यासकाच्या तोऱ्यात काय काय म्हटलं. मूळ छापील मजकूर दुर्मीळ आहे, अण्णांचं भाषांतर आपण आधी फोटो काढून जपू.

"भाषांतर?" अक्का म्हणाली.

"म्हणजे पट्ट्या."

"तुला इतकी वर्षं ते भाषांतर वाटत होतं?" ती खरंच चकित झाली होती. "खुळी का काय तू! एवढी प्रोफेसर झालीस. वाच बघू ते इंग्रजी, काय लिहिलंय पहिल्या फुग्यात?"

चित्रात राखणदार दारात उभा आहे, बाहेर वादळ, बायको चुलीपाशी. मी इंग्रजी वाचलं. वारा उत्तरेकडून फिरतो आहे, असं तो म्हणत होता.

अक्कानं डोळे मिटले. तिनं आईचाच हेल काढला. "बसा. उरलेलं मी आवरतो."

मी पुढचं वाचलं. दिव्यात तेल भरून ठेव, चाचे आज रात्री येतील.

"तुझं डोकं दुखत होतं. मला कळलं होतं."

तिसरा फुगा बायकोचा. होडी नेऊ नका, असं काहीसं.

"मग विचारलं का नाही?"

"चौथा?" मी म्हटलं.

"विचारता आलं नाही. ऐका. सार फार चांगलं झालं होतं."

अक्कानं डोळे उघडले. "आई हे पान सारखं वाचायची. तू शाळेत असायचीस तेव्हासुद्धा. म्हणून माझं पाठ झालं. अगं, त्या माणसाला तोंडानं बोलता येत नव्हतं. चाचेबिचे सगळं सुम्मने, उगाच आपलं. तो तिच्याशी बोलत होता."

"आणि बायकोची उत्तरं? तीही अण्णाच लिहायचे?"

"ती काय बोलेल ते त्यांना माहीत होतं ना. कधी चुकायचं. मग ती वाचताना स्वतःच बदलून वाचायची, आणि आत ते ऐकत असायचे."

तिनं आठवा अंक माझ्यापुढे सरकवला आणि एका पट्टीवर नख ठेवलं. "आणि हे बघ. सगळ्या शब्दांवर खूण आहे. घर, दार, वादळ. फक्त बस, थांब, ऐक, जेव यांच्यावर नाही. पहिल्यांदा विसरले ते खरं. पण ती हसली ना तेव्हा. शिवाय तिला जन्मात कुणी 'बसा' म्हटलं होतं का सांग. तिच्या माहेरी नाही, आपल्याकडे तर नाहीच."

मी अंक चाळत गेले. खरंच होतं. चाळीस वर्षं चित्रकथा वाचून, शिकवून, त्यांच्यावर निबंध लिहून मला ते दिसलं नव्हतं, कारण मी उघडून बघितलंच नव्हतं. चौकटीत काय लिहिलंय यापेक्षा ते कोण कुणाला म्हणतंय ते बघा, असं मी पोरांना दरवर्षी सांगते. घरचं पान आलं तेव्हा मी ब्लेड घेतलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तू लहान होतीस. मग मोठी झालीस. मग आईच गेली." अक्का उठून कॉफी टाकायला गेली. आतून म्हणाली, "आणि तू विचारलंस कधी?"

मी गॅलरीत जाऊन निवेदिताला फोन लावला. पट्ट्या निघणार नाहीत, म्हटलं. ती म्हणाली, "पण मॅम, मग हे लिस्टवर कसं टाकणार? एकच कॉपी, तीही अशी." मी म्हटलं, यादी अकराचीच जाईल, समितीला मी बघते. आणि बारावं वाचायचं असेल त्यानं मल्लेश्वरमला यावं, पाच-पाच जणांनी, अक्का वाचून दाखवेल. स्वयंपाकघरातून आवाज आला, "हात धुऊन ये म्हणावं!" निवेदिता हसली. "मी पहिल्या पाचांत आले तर चालेल?" तिनं विचारलं.

---

पुढच्या रविवारी मी खळ शिजवली. मोरचूद कुठं मिळतं ते आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या तीन दुकानांत विचारावं लागलं. कागद साधाच घेतला, अण्णांसारखा आता मिळत नाही. कर्कटकानं फुगे मोजले. रेघा आखल्या. अक्का सांगत गेली आणि मी लिहीत गेले. माझी अक्षरं एका उंचीची येईनात, शेवटचं अक्षर काठाला जाऊन आपटे. अक्का प्रत्येक पट्टी डोळ्यांजवळ नेऊन तपासायची आणि म्हणायची, "सरी. चालेल. अण्णा हसले असते."

पाच पट्ट्या लागल्या. सहाव्या फुग्यावर ती अडखळली, मग तिला आठवलं. "उद्या लवकर येतो." तीही लागली.

सातवा फुगा पानाच्या तळाशी आहे. वादळ ओसरलंय, राखणदार परत येऊन उंबऱ्यात टेकलाय, बायको त्याच्यासमोर उभी. फुगा तिचा आहे, लहानसा. दोन शब्द मावतील, फार तर तीन. अक्कानं कपाळ चोळलं. कॉफी झाली. ऊन सरकलं. "होतं गं काहीतरी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "ती इथं यायची तेव्हा हळू वाचायची. मला ऐकू यायचं नाही." मग तिचे डोळे भरले. मी तिला रडताना फार वेळा बघितलेलं नाही.

"आपण घालू या का काहीतरी?" तिनं विचारलं. "शोभेलसं?"

मला दहा गोष्टी सुचल्या. सगळ्या शोभण्यासारख्या होत्या. पण त्या माझ्या होत्या, आणि मी या पानावर एकदा माझ्या मनाचं करून बसले आहे.

मी फुगा मोजला. तेवढीच पट्टी कापली. पाठीला खळ लावली आणि इंग्रजी झाकून ती कोरीच चिकटवली. अंगठ्यानं कडा दाबत राहिले.

"आई, चुकलं गं माझं," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. अक्का खाली वाकली आणि पट्टी सुकावी म्हणून हळूच फुंकर घालू लागली.